इंदूताई वकिलांचा बाक

मित्रांनो, उभे का? बसा ना! मी त्यासाठीच तर आहे. मी सौंसरच्या इंदूताई वकिलांच्या ओसरीतला जुना सागवानी बाक. मोहगावच्या शालिकराम मिस्त्रींनी मला असा ठोकून घडवला, की अजून एक खिळा हलला नाही!

ताईंचा नियम एकच. माझ्यावर जो आधी बसेल, तो आधी आत जाईल. मग तो संत्र्याच्या बागेचा मालक असो, की कापूस वेचणारी बाई. याच नियमावर तर ताई निवडणूक जिंकल्या! त्या नगरपालिकेच्या अध्यक्ष झाल्या आणि मीही त्यांच्या दालनाबाहेर ऐटीत जाऊन बसलो. त्यांना तिकीट मिळवून देणारे भाऊराव मात्र तणतणले, "मी पण नंबर लावू?"

ताई म्हणाल्या, "लावा न भाऊ, बाकडं काही चावत नाही!"

सगळे हसले. मी तर फुगून दुप्पट झालो!

पुढे ताईंनी राजकारण सोडलं आणि त्या पांढुर्ण्याच्या ग्राहक न्यायालयात न्यायाधीश झाल्या. मी परत ओसरीत आलो. एका रविवारी भाऊराव संत्र्यांची टोपली घेऊन आले आणि चक्क मुकाट्यानं माझ्यावर बसले. त्यांचा नवा ट्रॅक्टर पहिल्याच नांगरटीला बंद पडला होता आणि ती केस ताईंपुढे होती.

"ताई, माझी बाजू खरी आहे हो."

"खरी आहे, तर घरी येऊन मले कायले सांगून राहिले? चहा घ्या, टोपली वापस न्या. आता तुमची केस मी नाही ऐकणार. दुसरे जज ऐकतील."

"तुमचं तिकीट कोणं आणलं होतं?"

ताईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्हीच, भाऊ. म्हणूनच."

भाऊराव गेले. ताई पहिल्यांदाच माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझीच. जजच्या घरी नंबर कायचा? हे बाकडं हलवा इथून."

माझं काळीजच तुटलं! आता चुलीत जाणार की काय?

नाही हो! ताईंनी मला न्यायालयाच्या व्हरांड्यात पाठवलं. तिथे लोक तासन्‌तास उभे राहायचे. तारखेला भाऊराव आले, तेव्हा रामाकोन्याची एक म्हातारी माझ्यावर बसली होती. ती सरकून म्हणाली, "बसा भाऊ. माह्यानंतर तुमचा नंबर."

भाऊराव हसले. बसले.

मित्रांनो, तुम्हीही या. फक्त कर्कटकानं माझ्यावर नावं कोरू नका. आणि तुमच्यानंतर कुणी आलं, तर जरा सरका.