आधी आपण बसायचं

मोठ्या मिस्त्रींनी पाणी पिणं सोडलंय, हे त्यांच्या सुनेनं दुकानात येऊन सांगितलं. "प्यायले की उठावं लागतं, आणि उठायला मला हाक मारावी लागते. त्यापेक्षा तहानलेले बसून राहतात. काका, तुम्ही काहीतरी करा."

काहीतरी म्हणजे खुर्ची. मला दुसरं येतं काय? तेही त्यांनीच शिकवलेलं. माझ्या बापानं माझ्यापुढे हात टेकले, तेव्हा या माणसानं माझ्या हातात रंधा दिला. घर उभं राहिलं ते त्या रंध्यावर. पण खोटं कशाला बोलू, सुनेचं ऐकून आधी थकवाच आला. कंबर गेलीये, गुडघे कुरकुरतात आणि कामं काही संपत नाहीत. तरी सगळं बाजूला सारून खुर्ची केली. सरळ पाठीची, दणकट हातांची. त्यांवर जोर दिला की माणूस आपसूक उभा राहील अशी.

टेम्पोतून उतरवून, जिना चढवून, धापा टाकत ती त्यांच्या खोलीत ठेवली. सुनेनं त्यांना धरून बसवलं. मी खाली बघितलं. मिस्त्रींचे पाय अधांतरी लोंबत होते. टाचा सोडाच, चवडेही जमिनीला लागेनात.

माप घ्यायला मी आलोच नव्हतो. मिस्त्री केवढे, ते मला पाठ होतं. दुकानाच्या दारातून आत येताना मान वाकवणारा माणूस! दुसऱ्या कुणाची खुर्ची असती, तर मापाशिवाय मी लाकडाला हात लावला नसता.

"वादळा," ते म्हणाले. माझ्या घाईमुळे त्यांनीच पाडलेलं नाव. "हे कुणाचं माप?"

"तुमचं."

"कधीचं?"

मी खाली वाकून खुर्चीचा पाय चाचपला. ते मात्र पाय हलवत खुदूखुदू हसायला लागले. "बघ गं सूनबाई, याच्या हिशेबी मी अजून ताडमाड आहे."

त्यांना पलंगावर बसवलं. हत्यारांची पिशवी बरोबर होतीच. खुर्ची उलटी केली, करवत काढली. चार बोटं कापणार, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "तीनच काप. घाई केलीस तर कापलेलं परत चिकटायचं नाही." बरं बाबा, तीन. पाय कापले, घासले, खुर्ची सरळ केली आणि त्यांना धरायला गेलो.

"थांब. तू बसलास?"

त्यांचा नियमच होता. खुर्ची झाली की आधी करणाऱ्यानं बसायचं. पाठ टेकून, हातात काही न घेता. आपल्याला टोचलं तर गिऱ्हाइकालाही टोचणार. शिवाय म्हणायचे, एकदा दाराबाहेर गेली की ती आपली नाही, आहे तोवर बसून घे. मी आपला बूड टेकल्यासारखं करून उठायचो.

"मिस्त्री, टेम्पोवाला खाली खोळंबलाय."

"खोळंबू दे. बस."

बसलो. पाठ टेकली, तेव्हा कळलं मी किती दमलोय. खिडकीतलं ऊन पायांवर येत होतं. भुश्शाचा ताजा वास येत होता. सून मागे केर गोळा करत होती. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, पण मी उठलो नाही. मला कुठेही जायचं नव्हतं. आयुष्यभर खुर्च्या केल्या आणि बसणं म्हणजे काय, ते आज समजत होतं. डोळे भरून आले.

"मिस्त्री," मी म्हणालो, "तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं."

"टोचतंय का कुठे?"

"नाही."

"मग ऊठ आता. खुर्ची माझी आहे."

ते बसले. टाचा जमिनीला टेकल्या. "कुणी हात लावायचा नाही," म्हणाले. खुर्चीच्या हातांवर पंजे रोवले, मान पुढे घातली. जमलं नाही. सून पुढे झाली, तिला मी डोळ्यांनीच थांबवलं. दुसऱ्यांदा ते थरथरत वर आले आणि उभे राहिले. माझ्या खांद्याला लागत होते. तसेच जरा उभे राहिले, मग आपले आपण खाली बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "पाणी आण गं. पेला भरून आण."