मागची खुर्ची

हेमाला चित्रशाळेत घालायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली. वर्ग चालू असेपर्यंत मी मागे बसणार. शनिवार पेठेत एका छापखान्याच्या माडीवर दीनानाथ मास्तरांनी ही शाळा नुकतीच काढली होती. खोल्या दोन, विद्यार्थी सगळे मुलगे आणि आमची हेमा पहिली मुलगी. मास्तर म्हणाले, "बसा की. छापखान्याचा आवाज आम्ही सोसतोच."

पोस्टातून निवृत्त झालो होतो, वेळ भरपूर होता. पण स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. खुर्ची करकरायची, तपकीर ओढली की शिंक यायची, कोणी खोडरबर मागायला हेमाकडे वळला की मी खाकरायचो. पोरं मला मनातल्या मनात शिव्या घालत असणार. घालोत. मुलगी माझी होती.

गंमत म्हणजे शाळा वाढली ती माझ्यामुळेच. तिथे हेमाचे वडील स्वतः बसतात, हे पेठेत पसरलं आणि लोक बिनघोर मुली पाठवू लागले. आधी शेजारची सुहासिनी आली, मग तिच्या मैत्रिणी. जागा पुरेना. त्यात पानशेतच्या पुराने माडीच्या भिंती खिळखिळ्या केल्या, तेव्हा मास्तरांनी गावाबाहेर कोथरूडला नवी इमारत बांधायला काढली.

बांधकाम चालू असताना एकदा चित्रासाठी समोर बसणारी सरुबाई आलीच नाही. मास्तर मला म्हणाले, "नाहीतरी बसलेलेच आहात. जरा पुढे येऊन बसा." मध्येच उठलो तर परत तसंच बसता यावं म्हणून त्यांनी माझ्या पायांभोवती खडूची रेघ ओढली. पाय राहिले जागेवर. मान राहीना. हेमा डाव्या कोपऱ्यात होती आणि तिच्या शेजारी बाळ नावाचा एक चांगला उंचापुरा मुलगा होता.

तास संपल्यावर चित्रं भिंतीला लावली, तर सगळ्यांत माझी मान डावीकडे. वर्ग खदाखदा हसला. फक्त हेमाच्या चित्रात मी सरळ समोर पाहत होतो.

"करारी आलोय," मी म्हणालो. हेमा पेन्सिलीला टोक काढत राहिली.

इमारत पुरी होत आली तशी एके दिवशी ती घरी म्हणाली, "अण्णा, कोथरूडला तुम्ही यायचं नाही."

"मग तूही जायचं नाही."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पानावरून लवकर उठायला लागली. माझी झोप उडाली. मास्तर घरी येऊन म्हणाले, "हेमा गेली की बाकीच्या मुलीही जातील. मग त्या इमारतीत मी काय, वाळवणं घालू?" मी त्यांना चहा दिला.

उद्घाटनाच्या दिवशी मी हेमाबरोबर गेलो तो तिचं नाव काढून घ्यायचं ठरवूनच. आत शिरताच ती मैत्रिणींत गेली. दारातच तिने काढलेलं माझं ते चित्र चौकट करून लावलेलं होतं आणि त्याच्यासमोर एक फेटेवाले गृहस्थ लेकीचा हात धरून उभे होते. कोथरूड गावातलेच, सर्जेराव नावाचे.

"ह्यो कोन मानूस?" त्यांनी मला विचारलं.

"आहेत एक पालक."

"लई भ्यालेला दिसतोय."

"भ्यालेला कसला? करारी आहे तो."

"न्हाय वो. डोळं बघा की." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत चित्राकडे पाहिलं आणि ते ओशाळले. "चुकलं माझं. पर आमची शालू आजपासनं हितं येनार हाय. कालपासनं माझंबी असंच झालंय."

मी चित्र पहिल्यांदाच नीट पाहिलं. माणूस खरंच घाबरलेला होता. हेमा इतके दिवस हे डोळे पाठीवर घेऊन चित्रं काढत होती, आणि मी समजत होतो की मी पहारा देतोय. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कोणाचा ते कळेना.

तेवढ्यात मास्तर आले. "काय ठरलं तुमचं?"

मी तोंड उघडायच्या आत सर्जेराव म्हणाले, "मास्तर, मी पोरीच्या मागं बसलो तर चालंल का?"

मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. शालू बापाच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेत होती.

"इथे मागे खुर्ची नसते," मी सर्जेरावांना म्हणालो. "चला, मला परतीच्या बसचा थांबा दाखवा."

आतून हेमाचं हसणं ऐकू आलं. कोणाशी तरी बोलत होती, बाळच असणार. मान वळवायची नाही असं ठरवून मी चालू लागलो. फाटकापर्यंत जमलं.