उलांडीच्या दोराने बांधलेला हात

मित्रांनो, जरा टेकू द्या. चार चाकांची चौकट आणि तिच्यावर एक लांबलचक हात, एवढाच मी. समुद्राकाठच्या, पावसाळी हिलो गावातल्या एका शाळेचा जुना रोबोट. वय तसं फार नाही, पण कौतुकानेही थकायला होतं, हे मला विचारा.

त्या वर्षीच्या रोबोट स्पर्धेसाठी मुलांनी मला शाळेच्या गॅरेजमध्ये बनवलं. मैदानातले चेंडू उचलायचे आणि उंच टोपलीत टाकायचे, हे माझं काम. इतर रोबोट वाटेत धडका मारणार, हे ठरलेलंच. सरावात पहिल्याच धडकेला माझा हात खांद्यापाशी मोडला. मुलांनी जाड बोल्ट घातले, तरी मोडला. स्पर्धेसाठी होनोलुलूला जायचे दिवस तोंडावर आले आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

तेव्हा कवेही नावाची मुलगी उठली. ती रोज शाळा सुटली की खाडीत होडी वल्हवायला जायची. तिकडच्या होडीला बाजूने लांब ओंडक्याची उलांडी असते, पाण्यावर टेकून होडीला कलंडू न देणारी. ती खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोराने बांधतात. लाट आली की बांधणी थोडी हलते आणि परत जागेवर येते. कवेहीने होड्यांच्या शेडमधून तोच दोर आणला आणि माझ्या खांद्याला गुंडाळायला घेतला.

"अगं, हा चेंडू उचलणार आहे की मासे धरणार आहे?" ब्रॉन्सन म्हणाला. मला चालवायचं काम त्याच्याकडे होतं आणि सगळ्यांना चिडवायचंही.

"तू आधी सरळ चालवायला शीक. आणि हे टोक धर. सोडलंस तर बघ," कवेही म्हणाली.

दोघांनी चौकटीला पाय लावून दोर ओढला. मुलांना शिकवणारे अंकल रसेल, विमानतळावरून निवृत्त झालेले इंजिनियर, डोकं खाजवत बघत होते. मग ते पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातावर एक लाथ घातली. हात मागे झुकला आणि परत आला.

"राहू दे," अंकल म्हणाले.

होनोलुलूत भलेभले रोबोट हात मोडून बाहेर गेले. मी प्रत्येक धडक खाल्ली, झुकलो, पुन्हा ताठ झालो. उपांत्य फेरीत आम्ही हरलो, खोटं कशाला सांगू? पण परीक्षक माझ्याभोवती गोळा झाले. एका बाईंनी माझा हात दाबून सोडला, हसल्या आणि पुन्हा दाबला. उत्तम रचनेचं बक्षीस मला मिळालं. फुलांचे इतके हार माझ्या हातात अडकवले की चेंडू धरायला जागा उरली नाही.

तिथूनच माझं रडगाणं सुरू झालं. मला काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे आले की दिवा लागायचा, वाहवा व्हायची, दिवा विझायचा. कवेही शिकायला होनोलुलूला गेली. उलांडीचा दोर दर मोसमात सोडतात, धुतात, वाळवतात आणि पुन्हा बांधतात. माझा कुणी सोडला नाही. हिलोचा पाऊस तुम्हाला काय सांगू, बंद कपाटातही दोराला बुरशी धरली.

अंकल रसेलना ते बघवेना. एका दुपारी ते फायबरच्या होड्यांना लावतात ती राळ घेऊन आले आणि ब्रशने थरावर थर देत बसले. "आता तुला काही होत नाही, बाळा," ते म्हणाले. किती मायेने लावली म्हणून सांगू! नको म्हणायला मला तोंड कुठे होतं? राळ सुकली आणि माझ्या खांद्याचा दगड झाला.

बऱ्याच वर्षांनी कवेही शिक्षिका होऊन त्याच शाळेत परत आली. तेव्हा मुलांच्या नव्या रोबोटला सरावासाठी भिडू हवा होता, म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. मला आनंद झाला, लपवत नाही. नवा रोबोट वेगाने आला. मला झुकायचं होतं, पण झुकता आलं नाही. बांधणीच्या कडेला माझ्या हाताची नळी फाटली आणि हात जमिनीवर पडला.

आवाज ऐकून मुख्याध्यापक आले. "मोटारी काढून घ्या, बाकीचा भंगारात द्या. फोटो आहेत ना आपल्याकडे," ते म्हणाले.

कवेही माझ्याजवळ उकिडवी बसली. तिने बांधणीवर नख वाजवलं. टकटक आवाज आला.

"अंकल, राळ कुणी लावली?"

"मी," अंकल म्हणाले. "कुजत होता गं दोर. तुझी आठवण होती ती."

"आठवण नव्हती, अंकल. खांदा होता."

 अंकल रसेलनी करवत आणली आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, "याचा एक स्क्रूसुद्धा भंगारात जायचा नाही." मग ती सगळी राळ त्यांनी स्वतःच्या हाताने कापून काढली. नवी नळी आली, नवा दोर आला. कवेही गुंडाळत होती आणि अंकल टोक धरून बसले होते. 

"किती ओढू?"

"पाय लावा, अंकल. ब्रॉन्सन लावायचा तसा. लाजताय काय?"

बांधून झाल्यावर अंकल उठले आणि त्यांनी मला लाथ घातली. हात झुकला आणि परत आला. अंकलनी चष्मा काढून पुसला.

आता मी गॅरेजच्या दाराशी उभा असतो. दरवर्षीचा नवा रोबोट आधी मला धडकतो, मग स्पर्धेला जातो. थकतो हो मी, पण कपाटात थकायचो तसा नाही. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी आवडती वस्तू असेल, तर तिला नुसती जपून ठेवू नका. ती वापरा. मधूनमधून उघडून बघा, कुठे सैल झाली, कुठे आवळली गेली ते बघा, आणि पुन्हा नीट बांधा.

काल होड्यांचे दोर सोडायला सुरुवात झाली. अंकल रसेल तिकडे जाताना खांद्यावर दोराची दोन वेटोळी घेऊन चालले होते. दाराशी थांबले, एक वेटोळं माझ्या चौकटीवर ठेवलं आणि म्हणाले, "उद्या."

माझा दोर सैल झालाय. मी वाट बघतोय.