नकाशात बघितलेलं सासर

दौलतरावांचा भूगोल फार पक्का होता, हे पिंपळे गुरवात कुणालाही विचारा. विचारलं नाही तरी दौलतराव स्वतः सांगत. सातवीच्या परीक्षेत त्यांना भूगोलात शंभरापैकी ब्याऐंशी गुण पडले होते आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत त्या विषयात नवीन काही घडलेलं नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी पुण्याहून आणलेला मोठा नकाशा टांगला होता. आपलं मुंबई राज्य गुलाबी, हैदराबाद पिवळं, म्हैसूर हिरवं, मध्य प्रदेश जांभळा. प्रत्यक्षात ते पूर्वेला लोणीच्या आणि उत्तरेला चाकणच्या कांदाबाजाराच्या पुढं कधी गेले नव्हते. पण शेजारच्या राज्यांत पाऊस किती, हवा कशी, पीक कोणतं आणि तिथली माणसं कशावर जगतात, हे ते सुपारी कातरता कातरता सांगत. ऐकणाऱ्याला सुपारी मिळे, त्यामुळे श्रोते कमी पडत नसत.

त्यांची बायको मंजुळाबाई हा भूगोल पंचवीस वर्षं ऐकत आली होती, तोही येता-जाता. बसून ऐकायला तिला सवड कुठली? घर गावाच्या उंच अंगाला आणि पवना नदी खाली. सकाळी पाच खेपा, संध्याकाळी तीन. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. धापा टाकत ती ओसरीपाशी यायची, तेव्हा दौलतराव कुणाला तरी तुंगभद्रेच्या धरणाचं पाणी किती एकरांना पुरेल ते समजावून देत असायचे. मधूनच हात लांब करून म्हणायचे, "जरा तांब्याभर पाणी दे गं."

त्यांची एकुलती एक मुलगी अंबू सतरा वर्षांची झाली आणि भूगोलानं घरात हैदोस घातला. बऱ्हाणपूरकडचं एक स्थळ आलं, ते 'हवामान विषम' म्हणून परत गेलं. म्हैसुराकडचं आलं, ते तिथं लोक भात खातात म्हणून. आलेल्या माणसाला चहा मिळायच्या आधी त्याला नकाशासमोर उभं केलं जाई आणि दौलतराव वेताची छडी त्याच्या गावावर टेकवून त्याला त्याच्याच गावाची माहिती देत. बिचारा मान डोलवी. आपण इतक्या वाईट ठिकाणी राहतो हे त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळे.

छप्पन साली फाल्गुनात इब्राहिमभाई ज्योतीरामाला आणि त्याच्या आईला घेऊन आला. इब्राहिमभाई बांगड्या भरायला सांगवीपासून चिखलीपर्यंत घरोघर फिरायचा, त्यामुळे कुणाची मुलगी लग्नाची आहे आणि कुणाचा मुलगा नुसताच मोठा झाला आहे, हे त्याला आईबापांच्या आधी ठाऊक असे. ज्योतीराम पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात कामाला होता. नदीपलीकडं, कोसभर अंतरावर, भाड्याच्या खोलीत आईबरोबर राहायचा. मुलगा निर्व्यसनी, बोलायला मोजका. मंजुळाबाईनं त्याला दाराआडून पाहिलं आणि तिला वाटलं, देवच पावला. लेक कोसभरावर! सणावाराला येईल, दुखलं-खुपलं तर आपण जाऊ.

"गाव कुठलं?" दौलतरावांनी छडी उचलली.

"ऱ्हातो पिंपरीत," ज्योतीराम म्हणाला.

"ते ऱ्हाणं झालं. गाव?"

"गंगाखेड तालुका. परभणी जिल्हा."

छडी पिवळ्या रंगावर जाऊन थांबली. "हैदराबाद राज्य! हवा उष्ण व कोरडी. पाऊस बेभरवशाचा. मुख्य पिकं ज्वारी आणि कापूस. पाण्याचं दुर्भिक्ष."

ज्योतीरामाची आई सोजराबाई बाजूला बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, आमचं गाव गोदावरीच्या काठाला हाय. वाड्यातच आड हाय आमच्या. चैतातबी दुसरा दोर जोडावा लागत नाई. येऊन बघा की एकदा."

मुलगी देण्याआधी पाणी बघायचं, ही तर त्या भागातली रीतच होती. मुलीकडची दोन माणसं मुलाच्या गावी जात, विहिरीत डोकावत, बायकांना खेपा विचारत आणि मगच सुपारी फोडत. पण दौलतरावांसारख्या जाणत्या माणसानं विहिरीत कशाला डोकवायचं? त्यांनी पुस्तकात डोकावलं.

"बाई, आमी समदं नकाशात बघितलंय," ते म्हणाले. "माणूस ऱ्हाईल कुठंबी, पन राज्य सुटत न्हाई. परराज्यात पोरगी द्यायची न्हाई, ह्यो आमचा नेम हाय."

नेमकी तेव्हाच मंजुळाबाई पाहुण्यांसाठी पाणी संपलं म्हणून आणखी एक खेप करून मागच्या दारानं आली होती. सोजराबाईनं तिच्याकडं पाहिलं. भिजलेला पदर, गुडघ्यावर टेकलेला हात, सगळं नीट पाहून घेतलं आणि उठली.

पुढं ज्येष्ठात दौलतरावांना हवं तसं स्थळ मिळालं. विजापूर जिल्हा, इंडी तालुका. गुलाबी रंग! गाडीनं जायला दिवस मोडतो, तिथले लोक निम्मं कानडी बोलतात आणि पाऊस परभणीच्याही निम्मा, या गोष्टी त्यांच्या पुस्तकात लिहिलेल्या होत्या. पण स्वतःच्या राज्यातला दुष्काळ त्यांना घरचा वाटे. साखरपुड्याला मुलाची आई दुर्गाबाई आली. साधी, खरं बोलणारी बाई. मंजुळाबाईनं तिला पाण्याचं विचारलं तर म्हणाली, "उन्हाळ्यात गाडीला पिंप बांधून आणतो. दोन कोसांवर तळं आहे ना." मंजुळाबाईनं हातातला पेढा परत ताटात ठेवला.

"अवो, एकदा जाऊन तरी बघा," तिनं रात्री विनवलं.

"नकाशात बघितलंय. आपल्याच राज्यात हाय, आनि काय बघायचं?"

अंबू नदीवर हंडा घासता घासता थांबली. "आये, तिथं मला रडू आलं तर त्यांना मराठीत सांगू का कानडीत?" मंजुळाबाईनं तिच्या हातातला हंडा घेतला आणि स्वतः घासत बसली. तिला लेकीच्या तोंडाकडं बघवेना.

त्या पावसाळ्यात देशात काय चाललं होतं ते चावडीवर येणाऱ्या वर्तमानपत्रात रोज छापून येत होतं. राज्यं मोडून नवी करायची, भाषेप्रमाणं मुलूख वाटायचे, दिल्लीत कायदासुद्धा झाला. गावातल्या म्हशी सोडून सगळ्यांच्या कानावर ते गेलं होतं. पण दौलतराव वर्तमानपत्र वाचत नसत. "वर्तमानपत्र रोज बदलतं," ते म्हणत. "भूगोल बदलत न्हाई." त्यांना सांगण्याची हिंमत कुणी केली नाही, कारण सुपारी बंद झाली असती.

लग्न मार्गशीर्षातलं धरलं. दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेत नवा नकाशा आला. दौलतराव शाळा समितीचे अध्यक्ष. तेव्हा नकाशावरचं फडकं त्यांच्याच हस्ते काढायचं, असं गुरुजींनी ठरवलं. गुरुजी स्वभावानं गरीब होते, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकत होतं. दौलतरावांनी फेटा बांधला, चार शब्द बोलले, त्यांत 'भूगोल हा सर्व शास्त्रांचा पाया' हे दोनदा आलं, आणि फडकं ओढलं.

पिवळं हैदराबाद नकाशात नव्हतंच. कुणी तरी खोडरबरानं पुसावं तसं पुसलं गेलं होतं.

बायका दाराशी उभ्या होत्या. मंजुळाबाईला वाचता येत नव्हतं, पण रंग तिला येता-जाता पाठ झाले होते. पदर सावरून तीच पुढं झाली. "गुरुजी, इंडी कुठशी आली वो?"

गुरुजींनी बोट ठेवलं. हिरव्यावर. "विजापूर जिल्हा आता म्हैसूर राज्यात, बाई. एक नोव्हेंबरपासून."

"आन गंगाखेड?"

बोट वर सरकलं. गुलाबी. "मराठवाडा आपल्यात आला."

सगळी शाळा दौलतरावांकडं बघू लागली. ते बराच वेळ नकाशाच्या अगदी जवळ तोंड नेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "छापनाऱ्याची चूक हाय." गुरुजींनी नम्रपणे सांगितलं की ही चूक दिल्लीच्या संसदेत मतदान घेऊन झालेली आहे.

घरी आल्यावर मंजुळाबाईनं भांडण काढलं नाही. जेवणाचं ताट वाढलं आणि समोर बसली. असं ती सहसा बसत नसे. "परराज्यात पोरगी द्यायची न्हाई, ह्यो तुमचाच नेम ना?"

"मंजुळे, सुपारी फुटलीय."

"राज्यबी फुटलंय. सोजराबाईला काय म्हनला व्हता? माणूस कुठंबी ऱ्हाऊ दे, राज्य सुटत न्हाई. आता सुटलं का न्हाई, तुमीच सांगा. मला भूगोल येत न्हाई." आणि मग तिला एकदम रडू कोसळलं. "पोरगी जाती वो माझी. तिथं तिचं बोलनं कळनारं कुनी न्हाई आन प्यायला पानी न्हाई. कधी तरी नकाशा सोडून तिच्याकडं बघा!"

दौलतराव त्या रात्री जेवले नाहीत. आपण लेकीचं चुकवलं, हे कबूल करायला त्यांची जीभ रेटेना. पण नेम मोडला जातोय, हे कारण त्यांना सोसण्यासारखं होतं. सकाळी त्यांनी इंडीला पत्र लिहिलं की, भौगोलिक कारणास्तव सोयरीक पुढं नेता येत नाही, क्षमस्व. आठ दिवसांनी उत्तर आलं, ते पूर्ण कानडीत. वाचता कुणालाच आलं नाही, पण कागद जागोजाग टाकानं फाटेपर्यंत टोचलेला होता.

मग इब्राहिमभाईला पुढं घालून दौलतराव आणि मंजुळाबाई नदी ओलांडून पिंपरीला गेले. ज्योतीरामाचं अजून ठरलेलं नव्हतं. सोजराबाईनं घोंगडी टाकली, चहा केला. दौलतरावांनी घसा साफ केला आणि परभणी जिल्ह्याची स्तुती आरंभली. काळी कसदार जमीन, लांब धाग्याचा कापूस, गोदावरीसारखी नदी, हवा कोरडी म्हणजे प्रकृतीला उत्तम! नऊ महिन्यांत तिथलं हवामान कमालीचं सुधारलं होतं.

सोजराबाईनं सगळं ऐकून घेतलं. "भाऊ, आमचं गाव हाय तिथंच हाय," ती म्हणाली. "पर आता मला एक विचारायचंय. आमी मुलीकडचं पाणी बघत असताव."

"मुलीकडचं?" दौलतराव गोंधळले. "पानी तर मुलीकडचे बघत्यात, मुलाकडचं."

"पहिलं बाळंतपण कुठं होतं? माहेरी. माझी सून तुमच्याकडं येणार, पोटुशी. तिला न्हायाला, बाळाचं धुवायला पाणी कोण आणणार? तिची मायच ना? फाल्गुनात मी आले तवा ही बाई धापा टाकीत चढण चढत होती आन तुमी मला दुर्भिक्ष शिकवत होता." तिनं मंजुळाबाईकडं वळून विचारलं, "किती खेपा पडतेत, ताई?"

मंजुळाबाईला हा प्रश्न उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. "आठ," ती कशीबशी म्हणाली.

"किती वर्सं?"

"पंचवीस."

इब्राहिमभाई बांगड्यांच्या पेटीचं कडं उगाच चाळवत बसला. ज्योतीराम खाली बघत होता.

"पोरगी मला पसंत हाय. ज्योतीरामालाबी," सोजराबाई म्हणाली. "दारात आड खणा. पाणी लागलं की निरोप धाडा. नकाशात नका दाखवू, मी येऊन दोर सोडून बघणार."

परत येताना नदी उतरून चढण लागली. अर्ध्या वाटेवर दौलतरावांना दम लागला आणि ते दगडावर बसले. हातात साधी कळशीही नव्हती. चढ केवढा आहे हे त्यांनी प्रथमच पाहिलं, आणि मंजुळाबाई पुढं निघून गेली तरी तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दगड फोडणारे वडार आले. दख्खनचं पठार अग्निजन्य खडकाचं आहे, ही पुस्तकातली माहिती अगदी खरी निघाली. दहा हातांवर काळा पाषाण लागला, सुरुंग लावावे लागले, महिनाभर घर धुळीनं भरलं. ओसरीवरचा नकाशा धुळीनं इतका माखला की राज्यं कुठली, समुद्र कुठला, ओळखू येईना. तो पुसायला दौलतरावांना सवड नव्हती. ते दगडांनी भरलेल्या पाट्या उचलत होते आणि सुपारी मागायला आलेल्यांच्या हातातही पाटी देत होते, त्यामुळे श्रोते भराभर कमी झाले.

माघात एकेचाळीस हातांवर पाणी लागलं. सोजराबाई सांगितल्याप्रमाणं आली, दोर सोडला, ओंजळभर पाणी प्याली आणि म्हणाली, "गोड हाय."

वैशाखात लग्न झालं. त्या दिवशी पहाटे मंजुळाबाई सवयीनं उठली, हंडा घेतला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि दाराबाहेर आली. आडावर दौलतराव उभे होते. धोतर खोचलेलं, तळहात दोरानं सोललेले. वऱ्हाडासाठी पाणी भरत होते. त्यांनी तिच्या हातातून हंडा घेतला, भरला आणि स्वतःच आत नेऊन ठेवला.

"बस जरा," ते म्हणाले.

कुठं बसावं तेच मंजुळाबाईला कळेना. शेवटी ती आडाच्या कठड्यावर बसली, चुंबळ मांडीवर घेऊन. आत अंबूला बांगड्या भरत होते. इब्राहिमभाईचा आवाज येत होता आणि त्यात अंबूचं हसणं. संध्याकाळी ती कोसभर लांब जाणार होती. नदीवरून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ नव्हे, पण चालत जाता येईल इतकी जवळ. मंजुळाबाईनं डोळे पुसले आणि दोर ओढणाऱ्या नवऱ्याकडं बघत, पंचवीस वर्षांत प्रथमच, उजाडेपर्यंत बसून राहिली.