वळायला जागा

दुकानदार अबू वदीअने जाळी पाण्यात खुपसली तसा नवार दोन पावलं मागे सरला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. हात अंगालगत, नजर जमिनीवर. दुकान जेमतेम खोलीएवढं, जिकडेतिकडे माशांच्या टाक्या. भिंत म्हणावी अशी जागा दाराशेजारी तेवढी होती, आणि ती त्याने आल्याआल्या हेरली होती.

"हा बघा, उम्म तैम. फायटर! असा निळा अख्ख्या दमास्कसमध्ये दुसरा दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो."

उम्म तैम म्हणजे तैमची आई, हनादी. तिने माशाकडे पाहिलंच नाही. ती भावाकडे बघत होती.

"नवार, आवडला का?"

"तू म्हणशील ते."

हिवाळ्यात राजवट कोसळून तुरुंगांची दारं उघडली आणि अकरा वर्षांनी तो परत आला. तेव्हापासून त्याच्या तोंडी हेच होतं. भात की गव्हाचा बुरगुल, खिडकी उघडू की राहू दे, तू म्हणशील ते. संडासला जायलाही तो तिची परवानगी मागायचा. खोलीत कुणी शिरलं की उठून भिंतीकडे तोंड करायचा. पलंग चांगला ऐसपैस, पण तो कोठडीतल्यासारखा कडेला एका कुशीवर ताठ पडायचा. सकाळी बाकीच्या चादरीला सुरकुतीसुद्धा नसायची. झोपेत मात्र असा ओरडायचा की तिचा लहानगा तैम अंथरुणात उठून बसायचा.

गियास, हनादीचा नवरा, वाईट माणूस नव्हता. काल जेवताना त्याने ताट बाजूला सारलं आणि हलकेच म्हणाला, "तुझ्या काकांशी बोललोय. उद्या गाडी घेऊन येतात. गावाकडे बदामाची बाग आहे, मोकळं आहे. इथे दोन खोल्यांत किती दिवस? पोरगं पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलंय, हनादी."

"तो काय सामान आहे, उचलून पाठवायला? त्याला विचार ना!"

"विचारलं. काय म्हणाला ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. म्हणून तर आज ती त्याला इथे घेऊन आली होती. कॉलेजात असताना नवारची एक छोटी टाकी होती. तिला तो कुणाला हात लावू देत नसे. आईच्या माघारी हनादीने ती जपून ठेवली होती. महिन्यापूर्वी माळ्यावरून काढून घासली, वाळू घातली, पाणवनस्पती लावल्या. रोपं धरली, नवी पानंही फुटली. नवार तासन्‌तास समोर बसायचा, बोलायचा मात्र नाही. आज त्याने एकच मासा स्वतःहून मागितला असता, तरी तिला गियासला छातीठोकपणे सांगता आलं असतं, की बघ, माझा भाऊ परत येतोय, त्याला कुठेही पाठवायचं नाही.

"काहीतरी सांग ना रे!" तिचा आवाज फाटला. "लाल, पिवळा, कुठलाही! एवढं तरी माग!"

नवारने मान आणखी खाली घातली.

अबू वदीअ खाकरला. "राहू द्या, मी जमवून देतो. हा फायटर, सहा गप्पी, दहा निऑन, वर हे दोन एंजल. चाळीस लिटरची टाकी ना? वीसेक मासे आरामात मावतील."

हनादीने डोळे पुसले. "द्या," ती म्हणाली. "तुम्हाला वाटतील ते द्या."

"नाही."

दुकानात आणखी कुणी आलं असं वाटून तिने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"फायटर गप्पींच्या शेपट्या फाडेल," नवार जमिनीकडे बघत म्हणाला. "एंजल मोठे झाले की निऑन गिळतील. आणि वीस नाही मावत."

"अहो, मासेच ते! त्यांना काय गाद्या घालायच्यात?"

"वळायला जागा लागते." आवाज चढला नव्हता. "सगळ्यांना. पाळीपाळीने नाही."

अबू वदीअने जाळीतला फायटर परत सोडला, हात पुसले. "तुम्ही सांगा, उस्ताद. तुम्ही म्हणाल तसं."

नवारने भिंत सोडली. गप्पींच्या टाकीसमोर तो कितीतरी वेळ वाकून उभा होता. मग बोट काचेला लावून एकेक दाखवू लागला. हा. तो. तो नको, पर मिटून बसलाय. असे सहा निवडले, सगळे नर.

"दोन माद्या घ्या की, पिल्लं होतील. पोरांना गंमत."

"होतच राहतील. मग दाटी होईल."

घरी आल्यावर त्याने बांधलेली पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली.

"लगेच नाही सोडायचे," तो म्हणाला. "या पाण्याची सवय होऊ दे."

हनादी त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. आनंद तिच्या अंगात मावत नव्हता. गियास कामावरून येताच त्याला काय नि कसं सांगायचं, ते मनात जुळवूनही झालं होतं.

"नवार, उद्या काका येतायत. तू नाही म्हणू शकतोस, आज म्हणालास तसं. राहशील ना इथे? माझ्यापाशी?"

नेहमीचं उत्तर आलं नाही.

"काकांकडे जातो," नवार म्हणाला.

"तैममुळे? गियास काही बोलला का तुला?"

"नाही गं." त्याने पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "इथे दार उघडलं की जिना. पुन्हा खाली एक दार. तिथे दार उघडलं की शेत."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. मोबाइल वाजला तेव्हाही पाणी वाहतच होतं. काका होते.

"पोरी, सकाळी निघतो मी. पण तुझ्या मनात नसेल तर आत्ताच सांग. गियासच्या भिडेने पाठवू नकोस त्याला."

"मी नाही पाठवत, काका."

"मग?"

हनादीने नळ बंद केला. बाहेरच्या खोलीत नवार पिशवीची गाठ सोडत होता.

"तो म्हणाला, जातो," ती म्हणाली, आणि काकांना ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाली.