जाड धार

शिकाऱ्याला धारेतलं काही कळत नव्हतं, आणि हे त्याला तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. सुरा चकाकला पाहिजे, हातावरचे केस सपासप उडाले पाहिजेत, संपलं त्याचं शास्त्र. केस उडवून बघायला त्याला स्वतःचा हात चालत नसे. बायकोचा चाले. त्यामुळे धारवालीच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लव म्हणून उरली नव्हती, आणि सुरा घसरला होता तिथे तिथे बारीक पांढरे वण होते. ते किती आहेत हे मोजायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

धारवाली हे नाव तिने माहेराहून आणलेलं. बाप सुऱ्या-कोयत्यांना धार लावायचा. आई लवकर गेली, म्हणून त्याने दोन्ही पोरांना चाकाच्या शेजारीच वाढवलं. धाकटा पुढे सुतारकामाला लागला, हिने चाक सोडलं नाही. लग्नानंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिने आपला संसार मांडला: पायाने फिरवायचं चाक, तीन दगड, कानशी, चामड्याचा पट्टा, तेलाची बाटली. गिऱ्हाइकाने सुरी पुढे केली की ती पातं उजेडात तिरपं धरायची आणि म्हणायची, "दादा, याने तुम्ही खिळे उपटलेत. एक पक्कड घ्या की विकत, जीव जातो का?" लोक ओशाळून हसायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा खिळे उपटून यायचे.

नवऱ्याला तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजावून पाहिलं होतं. रानडुकराच्या खांद्यावर कातडीखाली बोटभर जाडीची चिवट ढाल असते, तिच्याआड बरगड्या. तिथे पातळ धार नेली तर ती पहिल्याच हाडावर दुमडणार आणि टोक आत मोडून राहणार. घरात टोमॅटो कापायची धार वेगळी, रानात जीव घ्यायची वेगळी. रानातली जाडच हवी, मग केस उडोत न उडोत. एवढं बोलल्याबद्दल तिचा एक दात गेला. "मला शिकवतेस?" एवढंच तो म्हणाला होता.

तेव्हापासून तिने मूग गिळले, पण काम सोडलं नाही. बापाने हाताला लावलेली खोड ती. शिकारीच्या आदल्या दिवशी ती सुऱ्याला वस्तऱ्यासारखी धार लावायची, तो तिच्या हातावर केस उडवून खूश व्हायचा आणि जेवायला बसायचा. मग ती "तेल लावून ठेवते" म्हणून सुरा शेडमध्ये न्यायची. पातं जरा उभं धरून दगडावर थोडे हात मारायची, टोकाचा फाजील नाजूकपणा काढायची, म्यानातला ओलावा पुसायची, तेलाचा हात फिरवायची आणि सुरा पुन्हा खुंटीला. त्याला कधी पत्ता लागला नाही. अकरा वर्षं डुकरं पडत होती आणि तो दंड थोपटून लोकांना सांगत होता, "हात आहे हा, हात!" ज्या हाताच्या जिवावर तो जिवंत घरी येत होता तो हात तेव्हा आत त्याची ताटं घासत असे. संताप येतो असं काही आठवलं की.

मग गेल्या आठवड्यात धार बघताना एक केस उडायच्या ऐवजी ओढला गेला. एकच, आणि तोही तिचा. पण त्याचं डोकं फिरलं. त्याने तिला शेडमध्ये फरफटत नेलं, स्वतः पायाने चाक फिरवलं आणि तिचा डावा तळहात त्यावर दाबून धरला. "कळू दे तुला धार म्हणजे काय." ती ओरडली ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. कोणी आलं नाही. तळव्याची कातडी गेली आणि खालचं मांस दिसायला लागलं, तेव्हा कुठे त्याने पाय थांबवला, कारण चाक घाण होत होतं.

हा माणूस मेला पाहिजे, असं तिला त्या दिवशी वाटलं. तसं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

काल संध्याकाळी त्याने सुरा मागितला. तिने लावली धार, अगदी त्याला हवी तशी, आणि टोक सुईसारखं केलं. केस उडाले. "हां! अकरा वर्षांनी अक्कल आली," तो म्हणाला. ती "तेल लावून ठेवते" म्हणाली, तेल लावलं, आणि सुरा तसाच म्यानात सरकवला. जेवणात विष कालवलं नव्हतं की झोपेत गळा दाबला नव्हता. त्याने मागितलं ते दिलं होतं. पहाटे तो गेला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने दार लावल्यावर पुन्हा झोप काढली.

नऊच्या सुमाराला भावजय आली. लग्नाला सहा महिने झालेली, अजून बारीकसारीक गोष्टींनी हरखणारी पोर.

"वन्सं, ऐकलंत का? आज आमचे हेही शिकारीला गेलेत."

"कोण, धाकटा? त्याला घरातला उंदीर मारवत नाही."

"तेच ना! पण भावोजींच्या जोडीदाराला ताप भरलाय म्हणे. पहाटे स्वतः येऊन घेऊन गेले यांना. आणि आपला सुरा दिला वापरायला! म्हणाले, मी आज भाला घेतो, पहिला वार मेव्हण्याचा." ती हसत होती. "वन्सं? काय झालं?"

धारवालीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"त्याला फोन लाव."

"फोन घरीच राहिला चार्जिंगला. भावोजी तर रानात बंदच ठेवतात..."

तिने सगळ्यात लहान चपटा दगड उचलून ओढणीच्या गाठीत बांधला आणि पळत सुटली. बंद पडलेल्या दगडखाणीपलीकडे पाणथळ होती, तिथे पुरुषभर उंच लव्हाळं माजलेलं. तो शिकारीला तिथेच जायचा. चालत गेलं तर तासाची वाट. ती धावली, पडली, पुन्हा धावली. सगळी वाट तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती: धाकटा पूर्ण ताकदीने सुरा मारतोय आणि टोक कट्‌कन मोडतंय. वेळेवर पोचलं तर दगडाचे थोडे हात पुरे होते. पण पोचायला तर हवं.

खाणीजवळ आल्यावर कुत्र्यांचा आवाज आला. भुंकणं थांबून गुरगुरणं सुरू झालं होतं, म्हणजे कुत्र्यांनी डुक्कर धरलं होतं. लव्हाळ्यात पाडलेल्या वाटेच्या तोंडाशी शिकारी भाला घेऊन उभा. एक कुत्रा बाजूला पडलेला, पोट फाटून आतडी चिखलात आलेली, आणि तरी शेपूट हलवत होता बिचारा. वाटेत दोन पावलं पुढे धाकटा, हातात सुरा, चेहरा पांढराफटक.

"जा की!" शिकारी ओरडत होता. "दोन कुत्री कानाला लटकलीत त्याच्या, अजून काय वाजंत्री लावू?"

"थांब!" ती किंचाळली. "धाकट्या, थांब!"

दोघंही वळले. "ही बया इथे कशी तडमडली?" शिकारी म्हणाला.

"सुऱ्याचं जरा काम राहिलंय. द्या इकडे, एक मिनिट लागेल."

"काल बघितलाय मी सुरा. चल, चालती हो." आणि धाकट्याला, "हिच्याकडे बघू नकोस. बायकांचं ऐकत बसलास तर डुक्कर तुझी वाट बघत बसणार नाही. हो पुढे!"

धाकटा पुढे झाला. दाजींना नाही म्हणायची त्याची कधीच हिंमत नव्हती. लव्हाळं त्याच्या खांद्यापर्यंत मिटलं.

आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सांगितलं तर आपलं काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"धार पातळ आहे," ती म्हणाली. "हाडाला लागली की सुरा मोडेल. मी मुद्दाम तशी ठेवली."

"मुद्दाम?"

"तुमच्यासाठी. अकरा वर्षं तुमच्या मागे मी ती जाड करत आले. काल नाही केली."

धाकटा लव्हाळ्यातून मागे सरकत बाहेर आला. शिकारी तिच्याकडे बघत राहिला. त्याला समजायला वेळ लागला, कारण सुरा न मोडण्याचं श्रेय तो इतकी वर्षं स्वतःला देत आला होता. मग समजलं. त्याने भाल्याचा दांडा असा फिरवला की तिच्या गालाचं हाड आतून कडकन वाजलं आणि ती चिखलात आडवी झाली. दुसरा तडाखा बरगडीवर बसला. "मला मारतेस? मला?"

"दाजी!" धाकटा सुरा टाकून त्याच्या अंगावर धावला. आयुष्यात पहिल्यांदा धावला. शिकाऱ्याने दांडा त्याच्या गुडघ्यावर हाणला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि धाकटा गुडघा धरून लोळायला लागला.

शिकाऱ्याने पायाने सुरा तिच्याकडे लोटला. "उचल. तुझी धार ना? मग तूच जा आत."

ती उठली, सुरा उचलला. त्याने भाल्याचं टोक तिच्या पाठीत खुपसलं, मरेल इतकं नाही, चालेल इतकं. रक्त कंबरेपर्यंत ओघळलं. ती एक पाऊल गेली. टोक पुन्हा रुतलं. ती आणखी एक पाऊल गेली.

तेवढ्यात आत कुत्रं केकाटलं, आणि लव्हाळं फाटलं. डुक्कर सरळ वाटेने आलं, एका कानाच्या चिंध्या झालेलं, तोंडाला फेस. ती बाजूच्या चिखलात पडली. शिकाऱ्याचा भाला तिच्यावर रोखलेला होता. त्याने तो वळवायला घेतला, पण लांब दांडा लव्हाळ्यात अडकला. डुकराने मान खाली घातली आणि वर उचलली. शिकाऱ्याची मांडी गुडघ्यापासून जांघेपर्यंत उसवली. तो उडून पालथा पडला.

"मार त्याला!" तो ओरडला. "ए! मार!"

ती चार पावलांवर होती. हातात सुरा होता, आणि त्या सुऱ्याने ते डुक्कर मरणार नव्हतं, हे खरंच होतं. तिने ओढणीची गाठ सोडली. दगडावर थुंकली. पातं उभं धरून एक हात मारला, पालटून दुसरा.

डुक्कर वळून पुन्हा आलं. या वेळी त्याच्या कुशीत शिरलं. तो हाताने सुळे धरू पाहत होता आणि बोटं तुटत होती. ती दगडावर हात मारत होती. बापाने शिकवलं तसे, टाचेपासून टोकापर्यंत, सावकाश, जोर न देता. शिकारी शिव्या देत होता. मग शिव्या संपल्या.

"अगं," तो म्हणाला. "अगं, ये ना. ये गं."

अकरा वर्षांत तिला त्याने 'अगं' म्हटलं नव्हतं. तिला ते ऐकू आलं, नीट ऐकू आलं, आणि तिने पातं पालटलं. धाकटा तिकडून काहीतरी ओरडत होता. ती खाली मान घालून काम करत राहिली. चिखलात लाल पाणी साचत तिच्या पायापर्यंत आलं. पुढे त्याचं नुसतं घरघरणं उरलं आणि तेही थांबलं.

डुकराने मान वर केली. धाकटा कोपरांवर सरपटत लांब जाऊ बघत होता. डुक्कर त्याच्याकडे वळलं.

तेव्हा ती गेली. बाजूने धावत जाऊन तिने सोललेला डावा तळवा त्या राठ केसांत रुतवला आणि पुढच्या पायामागे सुरा मुठीपर्यंत घातला, सगळं अंग त्यावर टाकून. पातं ढालीतून गेलं, बरगडीला खरवडून आत गेलं. तिने ते पिळलं. गरम रक्त कोपरापर्यंत उसळलं. डुकराने तिला दहा-बारा पावलं फरफटत नेलं, मग गुडघ्यावर आलं आणि कुशीवर कलंडलं. धार जराही दुमडली नव्हती. तिने सवयीने बघितलं.

ती धाकट्याजवळ येऊन बसली. दोघंही धापा टाकत होते.

"ताई," तो म्हणाला. "सहा हात पुरतात."

तिने पातं ओढणीला पुसलं.

"तीन या बाजूने, तीन त्या. बाबांनी मलाही शिकवलंय." तो रडत होता. "मी ओरडत होतो तुला. सहा झाले, जा, म्हणून. तू थांबलीच नाहीस. मी मोजत होतो ताई. तू अठ्ठावीस मारलेस."

खाणीचा रखवालदार आरडाओरडा ऐकून काठी घेऊन धावत आला. त्याने डुक्कर बघितलं, शिकारी बघितला आणि तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! काय झालं काय?"

धाकट्याने बाहीने डोळे पुसले. "दाजी मध्ये आले त्याच्या. सुरा चालण्यासारखा नव्हता. ताईने लगेच धार लावली, पण वेळ गेली होती."

रखवालदार फोन करायला बाजूला गेला. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. पोर जिवंत होतं. एवढ्यासाठीच ती धावत आली होती. तिने ओढणी फाडून लांब पट्टी केली, दोन सरळ लव्हाळी मोडून घेतली आणि त्याचा गुडघा बांधायला हात पुढे केला.

धाकट्याने दात-ओठ खाऊन मोडलेला पाय मागे ओढून घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "येतील त्यांना बांधू दे."