भगवंतरावांचा आवाज आणि तीन माईक

सोमवारी सकाळी भगवंतरावांचं स्वरयंत्र काढणार होते. घशातली गाठ पसरत होती आणि डॉक्टरांकडे दुसरा उपाय उरला नव्हता. ऑपरेशननंतर श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यायचा. बोलणं मात्र संपणार होतं. रविवारी दुपारी ते गौलीगुड्यातल्या आपल्या घरी खुर्चीवर बसले होते. समोरच्या स्टुलावर मुलीचा, शिल्पाचा, टॅबलेट होता आणि शेजारी तीन माईक.

दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं, रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात भरून ठेवा. पुढे ते टॅबलेटवर बोट ठेवतील आणि टॅबलेट त्यांच्या आवाजात बोलेल. मात्र टॅबलेटच्या आतल्या माईकवर भागवू नका. आवाज आधीच घोगरा आहे, बाहेर रस्ता आहे. कुठेही नेता येईल असा लहान माईक घ्या.

शिल्पा विद्यानगरला राहायची, शाळेत गणित शिकवायची. माईकमधलं तिला काही कळत नव्हतं. दुकानदाराने तिची पंचाईत ओळखली होती. "तीनों ले जाओ मॅडम. जो नक्को वो वापस लाओ. डब्बा फाडना नक्को, बस."

पहिला कॉलरला लावायचा, वायरचा. त्याची पिन गोल होती आणि टॅबलेटला गोल भोक नव्हतं, म्हणून मधे जोड लावावा लागला. वडील चार वाक्यं बोलले. आवाज आला, पण विहिरीतून आल्यासारखा. शिल्पाने कॉलरवरच्या माईकवर नखाने टकटक केलं आणि पुन्हा ऐकलं. टकटक जवळजवळ ऐकूच येत नव्हती. मग तिने टॅबलेटच्या कडेवर नख वाजवलं. ते ठणठणीत उमटलं. म्हणजे टॅबलेट स्वतःच्याच माईकने ऐकत होता. कॉलरवरचा नुसता शोभेला होता. हे उद्या, आवाज गेल्यावर कळलं असतं तर? तिने वायर उपटून काढली.

"काय झालं?" भगवंतरावांनी विचारलं.

"काही नाही. हा बाद."

दुसरा बोटाएवढा होता, थेट टॅबलेटमध्ये खुपसायचा, वर केसाळ टोपी.

"हे काय, उंदराचं पिल्लू?" भगवंतराव म्हणाले. अफझलगंजमधल्या त्यांच्या ठोक किराण्याच्या दुकानात हमाल या असल्या बोलण्यावर हसायचे. घरात आता कोणी हसलं नाही. या माईकने त्यांचा आवाज घेतला, पण ऑटोचे हॉर्न, भाजीवाल्याची हाळी आणि आतल्या भांड्यांचा आवाजही घेतला.

तिसरा बिनवायरचा होता, भोवतालचा गोंगाट गाळणारा. त्यातून फक्त भगवंतराव ऐकू आले. स्वच्छ, जवळून. शिल्पाने सुटकेचा निःश्वास सोडला. "हाच."

"पंख्याचा आवाज यायलाय ह्यात," भगवंतराव म्हणाले.

"बाबा, पंखा बंद आहे."

त्यांनी वर पाहिलं. पंखा खरंच बंद होता. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. माईक ठरला की वाक्यं भरायची होती आणि वाक्यं भरून झाली की दवाखान्याची पिशवी भरायची होती. शिल्पाला ते कळलं. तिने माईक त्यांच्या हातात दिला नाही, शर्टाच्या गुंडीजवळ स्वतः लावला.

त्यांनी वाक्यं भरली. चहा दे. दुकानाची किल्ली कुठंय. दार लाव, डास यायलेत. हमालांसाठी, "ओ, वो बोरी इधर नक्को रे."

"आता म्हणा, दुखतंय," शिल्पा म्हणाली.

दारात बसलेल्या तिच्या आई, चतुराबाई, ताडकन उठल्या. "हे नाही भरायचं. उद्या ऑपरेशन अन् आज तोंडानं दुखतंय म्हणायचं? भरल्या घरात असं बोलत नसतेत."

"आई, त्या बाईंनी सांगितलंय."

"सांगू दे. तिच्या घरचं हाय का?"

ते वाक्य राहिलं. शिल्पा पुढे गेली. "बरं, आता आईला हाक मारा."

लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. ते खाकरायचे. एकदा खाकरलं की पाणी, दोनदा खाकरलं की इकडे ये. आठवडाभर डॉक्टरांनी खाकरायला मनाई केली होती, आणि आठवडाभर चतुराबाई दारातच बसून होत्या, कारण आत गेल्यावर बोलावणं कळणार नव्हतं. हे शिल्पाच्या आज लक्षात आलं.

"नाव घ्या ना, बाबा."

"नाव घेतलं तर तिला समजायचं नाही मीच हाय म्हणून," ते म्हणाले. आणि त्यांनी दोनदा खाकरलं.

शिल्पाने लावून ऐकलं. काहीच नव्हतं. पट्टी सरकत राहिली, आवाज शून्य. त्यांनी पुन्हा खाकरलं, मोठ्याने. पुन्हा शून्य. माईकने ऑटोचे हॉर्न गाळले तसं हेही गोंगाट समजून गाळलं होतं. गाळणी बंद करायचं बटण शिल्पा शोधत होती. या माईकला ते नव्हतंच.

तेवढ्यात भगवंतरावांना खोकल्याची उबळ आली. थांबली तेव्हा रुमालावर लाल ठिपका होता. शिल्पाने तो पाहिला, चतुराबाईंनी पाहिला, आणि भगवंतरावांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"बस झालं," चतुराबाई म्हणाल्या. "नको ते यंत्र."

"एकदा," भगवंतराव म्हणाले. "दुसरा लाव. ते पिल्लू."

शिल्पाने खिडक्या लावल्या. घाईत माईक दोनदा तिरका बसला. तिने आधी माईकवर नख वाजवून पाहिलं. मग मानेनेच खूण केली. भगवंतरावांनी घसा सांभाळत दोनदा खाकरलं. खिडक्या लावूनही मागे एक हॉर्न उमटला. पण खाकरणंही उमटलं, अगदी त्यांचं, शेवटी जरा ओढलेलं.

चतुराबाई डोळे पुसत आत चहा टाकायला गेल्या. शिल्पाने पडद्यावरच्या वाक्यांच्या चौकोनांत एक नवा चौकोन केला आणि टॅबलेट वडिलांच्या मांडीवर ठेवला. "दाबून बघा."

त्यांनी दाबलं.

"आले, आले," आतून आवाज आला. चतुराबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या, आणि सवयीने आवाजाकडेच वळल्या, टॅबलेटकडे. "काय हो?" मग त्यांनी मान वर केली. नवऱ्याचं तोंड मिटलेलं होतं.

त्या भिंतीला टेकल्या. मग त्यांनी शिल्पाला विचारलं, "ह्याची चार्जिंग रातभर राहती का? मधातच बंद पडला तर?"

शिल्पाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण भगवंतराव आधी बोलले. प्रत्येक शब्दाला त्यांना जोर लावावा लागत होता.

"तर मंग तू लांब जाऊ नको. दवाखान्यात खाटेला लागूनच बस. माझ्या हाताशी."

चतुराबाईंनी मान डोलावली आणि त्या तिथेच, त्यांच्या खुर्चीला लागून खाली बसल्या. भगवंतरावांनी टॅबलेट बाजूला ठेवला आणि बायकोचं ओलं मनगट घट्ट धरलं.